गंजलेली फियाट : अख्खी विकावी की सुटी?

बार्शीला माझ्या सासुरवाडीच्या अडत दुकानामागे वखार आहे आणि वखारीला लागून पत्र्याची एक शेड आहे. त्या शेडीत १९६८ सालची फियाट ११०० डिलाइट एकोणीस वर्षे उभी होती. चारही चाकांतील हवा केव्हाच गेली होती. टपावर बारदानाची थप्पी होती, मागच्या आसनावर जुन्या खतावण्या रचलेल्या होत्या आणि बुडाखाली मांजरीचा संसार होता. माझे सासरे हयात असताना दर दसऱ्याला तिला झेंडूचा हार पडत असे. ते गेल्यानंतर दोन-तीन वर्षांत तोही बंद झाला.

गेल्या दिवाळीनंतर माझ्या दोन्ही मेहुण्यांनी वखारीची जागा वाटून घेण्याचे ठरवले. मोजणी झाली, नकाशा झाला. वाटणीची रेघ नेमकी त्या शेडीतून जात होती. गाडी हलल्याखेरीज भिंत उभी राहणार नव्हती. थोरल्यांचे म्हणणे असे, की गाडी आहे तशी एकरकमी विकून मोकळे व्हावे. धाकट्यांचे म्हणणे असे, की ती खोलून सुटी विकली तर तिप्पट पैसे येतील. एवढ्या एका विषयावरून दोन सख्खे भाऊ चार महिने एकमेकांशी बोलत नव्हते. शेवटी सासूबाईंचा मला फोन आला. म्हणाल्या, “जावईबापू, तुम्ही बँकेत जन्म घालवलात. या गाडीचा काय तो हिशेब एकदा मांडून द्या. मला गाडीही नको आणि पैसेही नकोत. दोघे एका पंगतीत बसलेले मला पाहायचे आहेत.”

तो हिशेब मी मांडला आणि तोच येथे देत आहे. आपल्या व्यापारी घरांतील कित्येक वाड्यांत, वखारींत आणि मळ्यांवर अशी एखादी फियाट, अ‍ॅम्बॅसेडर किंवा जीप आजही उभी आहे. तिचे काय करायचे हा प्रश्न वर्षानुवर्षे पुढे ढकलला जातो, आणि दर पावसाळ्यात गंज आपला वाटा घेऊन जातो.

गाडीची कुळकथा

ही गाडी आपल्याला परकी नाही. सोलापुरात १८८२ साली जैन घरात जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून अमेरिकन बनावटीच्या मोटारी आणि ट्रक जुळवून बाहेर पडू लागले. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला आणि १९५४ पासून फियाट ११०० येथे तयार होऊ लागली. शेठजींचे १९५३ साली निधन झाल्याने ही गाडी रस्त्यावर आलेली त्यांना पाहता आली नाही. तिच्या पहिल्या गोलमटोल अवताराला लोक ‘डुक्कर फियाट’ म्हणत. साठच्या दशकाच्या मध्यावर ‘डिलाइट’ आली, सत्तरच्या दशकात तिचेच नाव आधी ‘प्रेसिडेंट’ आणि मग ‘पद्मिनी’ झाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावत होती.

हा इतिहास सांगण्यामागे व्यवहाराचे एक कारण आहे. डिलाइटपासून पद्मिनीपर्यंत इंजिन तेच १०८९ सीसीचे, आणि यंत्राचे बरेचसे भाग एकमेकांना चालणारे. त्यातच हजारो टॅक्सी भंगारात निघाल्या. त्यामुळे इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल यांसारखे जड भाग बाजारात दुर्मीळ राहिले नाहीत. दुर्मीळ आहेत ते त्या त्या सालचे दिवे, पुढची जाळी, क्रोमच्या पट्ट्या, मीटरची पाटी, हॉर्नची कडी, चाकांच्या टोप्या आणि अखंड काचा. सामान्य माणूस समजतो की गाडीची किंमत इंजिनात आहे. जुन्या फियाटीची किंमत बहुधा अशा हलक्या आणि सहज काढून नेता येणाऱ्या वस्तूंत असते. पुढे जे घडले त्याचे मूळ यातच आहे.

पहिला प्रश्न : सांगाडा शाबूत आहे काय?

बँकेत कर्जाचा प्रस्ताव आला की तारण पाहावे लागते. येथे तारण म्हणजे गाडीचा सांगाडा. या गाडीला ट्रकसारखी स्वतंत्र चासी नसते. बुडाचा पत्रा, दाराखालचे उंबरे, चाकांवरच्या कमानी आणि टप हे सारे जोडून एकच पेटी होते आणि तीच सगळा भार वाहते. म्हणून दारावरचा किंवा बॉनेटवरचा गंज डोळ्यांना खुपला तरी तो बरा करता येतो. बुडाचा, उंबऱ्याचा आणि पुढच्या सस्पेन्शनच्या जोडाजवळचा गंज मात्र गाडीचा कणाच खातो.

मी सोलापूरहून एका जुन्या मिस्त्रींना सोबत नेले होते. त्यांची तपासणी अगदी साधी होती. त्यांनी सासूबाईंकडून लोहचुंबक मागून घेतले आणि ते दारांच्या खालच्या बाजूने फिरवले. जेथे चुंबक धरत नव्हते तेथे रंगाखाली पत्रा नव्हता, नुसती पुट्टी होती. मग आतली चटई उचलून स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने बुडावर टकटक केली. शाबूत पत्रा खणखणतो, कुजलेला पत्रा बद्द वाजतो. शेवटी त्यांनी उंबऱ्याखाली जॅक लावून गाडी हळूहळू उचलली. चाक जमिनीवरून सुटण्याआधीच जॅकचे डोके उंबऱ्यात रुतले आणि चालकाच्या बाजूचे दार चौकटीत अडकून बसले. मिस्त्री एवढेच म्हणाले, “दाजी, हिच्या कमरेत जोर राहिलेला नाही.”

गाडी शेडीत असूनही अशी का कुजली, याचे उत्तर तिच्या टपावर आणि पोटात होते. बारदान ओल धरून ठेवते. दारांच्या आणि उंबऱ्यांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी लहान भोके असतात, ती धान्याच्या भुशाने आणि मातीने बुजली होती. लोखंड आतून सडत गेले आणि बाहेरचा रंग शेवटपर्यंत अब्रू राखत राहिला. कित्येक पेढ्यांचे ताळेबंदही असेच असतात, पण तो वेगळा विषय.

सांगाडा नव्याने उभा करण्याचा खर्च मिस्त्रींनी साडेचार लाखांच्या घरात सांगितला. एवढे करून तयार झालेल्या गाडीला तितकी किंमत येईल याची हमी त्यांनी दिली नाही, आणि हौसेने ती चालवणारे घरात कोणी नव्हते. दुरुस्तीचा मार्ग तेथेच संपला.

दुसरा प्रश्न : कागद कोणाच्या नावावर?

नोंदणीपुस्तक सासऱ्यांच्या नावावर होते आणि त्याची मुदत केव्हाच संपलेली होती. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते, त्यानंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. मालक निवर्तल्यास वारसाने तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवून पुढे नमुना ३१ भरून नाव लावून घ्यायचे असते. आपल्या घरांत शेअर, ठेवी आणि जमीन यांच्या नोंदी तेराव्याआधी सुरू होतात, पण मोटारीचा कागद कोणाला आठवत नाही.

येथे वाचकांनी एक भेद ध्यानात घ्यावा. घेणारा गाडी पुन्हा रस्त्यावर आणणार असेल तर नोंदणी जिवंत ठेवून, वारसाचे नाव लावून, नमुना २९ आणि ३० भरून ती रीतसर त्याच्या नावावर करावी लागते. घेणारा ती केवळ सुट्या भागांसाठी नेणार असेल तर आधी नोंदणी रद्द करून घेणे हिताचे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, वाहन कायमचे निकामी झाल्यास मालकाने चौदा दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवून पुस्तक जमा करायचे असते. हे न करता गाडी किंवा नुसते पुस्तक दिले, तर त्या पुस्तकाच्या आणि चासी क्रमांकाच्या आधारे चोरीची गाडी उजळ माथ्याने फिरवता येते. कागदावर मालक मात्र आपणच राहतो. अपघाताच्या नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव आहे त्याच्यावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे.

पन्नास वर्षांवरील मोटारींसाठी २०२१ पासून ‘व्हिंटेज’ नोंदणीची स्वतंत्र तरतूद झाली आहे. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे आणि वापर प्रदर्शन, रॅली अशा मर्यादित कारणांपुरता. आमची गाडी वयाने त्यात बसत होती. परंतु तेथे गाडी मूळ रूपात असावी, सांगाड्यात आणि इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत, अशी अट आहे. ज्या गाडीचे अर्धे बूड नव्या पत्र्याचे करावे लागणार, तिने ही आशा धरण्यात अर्थ नव्हता.

कराचाही एक मुद्दा आहे. स्वतःच्या वापराची मोटार ही प्राप्तिकराच्या दृष्टीने भांडवली मालमत्ता नव्हे, त्यामुळे तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. पण हीच मोटार पेढीच्या वहीत असेल आणि तिच्यावर घसारा घेतलेला असेल, तर प्राप्तिकराचा आणि जीएसटीचा हिशेब निराळा होतो व तो आपल्या करसल्लागाराला विचारूनच करावा. आमच्याकडे याचे उत्तर गाडीतच सापडले. मागच्या आसनावरील खतावण्यांत १९७४ सालची नोंद होती. जुनी मोटार घेतल्याची रक्कम सासऱ्यांनी पेढीच्या मोटार खात्यात न टाकता स्वतःच्या उचल खात्यावर नावे टाकली होती. गाडी त्यांची खाजगी होती. खाजगी म्हटल्यावर वारस चार झाले : सासूबाई, दोन मुलगे आणि मुलगी. ती मुलगी म्हणजे माझी पत्नी. हिशेब मांडणाऱ्याच्या घरातही चौथा हिस्सा येणार आहे, हे मी पहिल्याच बैठकीत सर्वांसमोर सांगून टाकले. बँकेत अशा गोष्टी कागदावर आधी नोंदवाव्यात असा दंडक होता. घरात तर त्याची गरज अधिक असते.

सुट्या भागांची वही

धाकट्या मेहुण्यांच्या मुलाने मोठ्या मेहनतीने एक वही तयार केली होती. भाव विचारून विचारून त्याने प्रत्येक भागापुढे आकडा लिहिला होता. इंजिन व गिअरबॉक्स ३५,००० रुपये, अ‍ॅक्सल, सस्पेन्शन आणि चाके २२,०००, काचा १४,०००, बंपर, जाळी व इतर क्रोम २४,०००, दिवे, मीटर व स्टिअरिंग १८,०००, दरवाजे, बॉनेट, डिकी १२,०००, किरकोळ ७,०००, आणि उरलेला सांगाडा भंगारात ८,०००. एकूण १,४०,००० रुपये. दुसरीकडे स्थानिक भंगारवाला अख्ख्या गाडीचे २१,००० देत होता. हे दोन आकडे शेजारी ठेवले, तर कोणाचेही मत सुटे विकण्याकडेच झुकेल.

मी त्या वहीतील एकही भाव खोटा म्हटला नाही. मी एवढेच विचारले, की हे भाव चांगल्या मालाचे आहेत की आपल्या मालाचे? मग मिस्त्री आणि मी एकेक ओळ घेत गेलो. इंजिन एकोणीस वर्षे फिरलेले नव्हते. पिस्टन जाम होते. त्याचे ३५,००० चे १२,००० झाले. अ‍ॅक्सल आणि चाकांचे २२,००० चे १२,००० झाले. क्रोमवर गंजाचे फोड आले होते, घेणाऱ्याला पुन्हा मुलामा द्यावा लागणार. तेथे २४,००० चे ११,००० उरले. एका काचेला तडा होता, काचांचे १०,००० धरले. दिवे, मीटर, स्टिअरिंग १३,०००. दरवाजे खालून कुजलेले, म्हणून ३,०००. किरकोळ ३,०००. सांगाडा ८,००० तसाच ठेवला. बेरीज ७२,००० आली. एक लाख चाळीस हजारांतील अडुसष्ट हजार वहीतल्या वहीत विरघळले.

आता खर्च. गाडी नीट खोलायची तर जाणकार हात हवा. गंजलेले नट कापावे लागतात, घाई केली तर भागच तुटतो. त्याची मजुरी ९,०००. माल बांधणे, पाठवणे आणि पुण्या-मुंबईच्या खेपा ६,०००. शेवटी सांगाडा उचलण्याची क्रेन व वाहतूक ५,०००. एकूण वीस हजार वजा जाता ५२,००० राहिले.

हेही सगळे विकले गेले तर. सांगाडा सोडून चौसष्ट हजारांचा जो माल, त्यातील चौथा हिस्सा पडून राहील असे धरले तर आणखी सोळा हजार गेले, उरले ३६,०००. शिवाय हे व्हायला आठ-दहा महिने लागणार. तोवर शेड अडकलेली, भिंत थांबलेली. त्या जागेचे महिना अडीच हजार भाडे धरले तर दहा महिन्यांचे पंचवीस हजार होतात. शेवटी हातात राहतात ११,०००. आपण व्यापारी लोक मालाचा भाव तोंडपाठ सांगतो, पण तो माल ज्या जागेत पडून आहे त्या जागेचे भाडे स्वतःला कधी लावत नाही.

मलई आणि ताक

या ठिकाणी मी माझी स्वतःची फजिती त्यांना सांगितली. १९८६ साली बँकेच्या वाहनकर्जावर मी पद्मिनी घेतली होती. २००१ साली तिचे बूड गेले तेव्हा एका गृहस्थाने अख्ख्या गाडीचे पंचवीस हजार देऊ केले. एम.कॉम. झालेल्या माणसाला वाटले की आपण अधिक मिळवू. पंधरवड्यात बॅटरी, टायर, टेपरेकॉर्डर आणि इंजिन गेले. सतरा हजार हाती आले आणि मी स्वतःवर खूश झालो. त्यानंतर मात्र कोणी फिरकले नाही. जे हवे होते ते लोक घेऊन गेले होते. जे उरले ते कोणालाच नको होते. विटांवर ठेवलेला तो सांगाडा आमच्या सोसायटीच्या आवारात चौदा महिने उभा राहिला. मुलांची खेळायची जागा अडली, सभेत माझ्या नावाचा ठराव झाला आणि अखेर क्रेनचे पैसे मलाच भरावे लागले. नोंदणी रद्द करायचे राहून गेले ते निराळेच.

तेव्हा जे कळले ते एवढेच, की आधी मलई विकली जाते आणि ताक आपल्याकडे राहते. अख्खी गाडी, मग ती कितीही गंजलेली असो, ‘गाडी’ असते. तिच्यातून पहिली वस्तू काढली की ती ‘उरलेला माल’ होते, आणि उरलेल्या मालाचा भाव घेणारा ठरवतो. अख्खी विकली तर पुढचा माणूस ती हवी तेव्हा खोलू शकतो. खोललेली गाडी पुन्हा अख्खी कोणाला करता येत नाही. जो निर्णय परत फिरवता येत नाही तो शेवटी घ्यावा, हे शहाणपण आपल्या आजोबांकडे होते. खडे काढून घेतलेल्या दागिन्याला सराफ मोडीचाच भाव देतो, हे तर आपल्या घरातील प्रत्येक स्त्रीला ठाऊक आहे.

याचा प्रत्यय लगेचच आला. पुण्याचे एक कारागीर जुन्या फियाटी उभ्या करतात. त्यांच्याकडे १९६६ ची डिलाइट होती. सांगाडा ठणठणीत, पण काचा, क्रोम, मीटर आणि आतले सामान गायब. त्यांना अशीच एक पूर्ण गाडी हवी होती. ते बार्शीस आले, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, “छत्तीस हजार.” कारण पुढची नाममुद्रा, हॉर्नची कडी आणि चाकांच्या तीन टोप्या जागेवर नव्हत्या. थोरल्यांनी धाकट्यांकडे पाहिले. भाच्याची मान खाली गेली. भाव काढण्यासाठी म्हणून त्याने त्या वस्तू आधीच काढून घरी नेल्या होत्या; विकल्या नव्हत्या. तो तसाच घरी गेला आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलेले सगळे सामान घेऊन आला. पाहुण्यांनी एकेक वस्तू तपासली आणि आकडा अठ्ठेचाळीस हजारांवर नेला. गाडी उचलून नेण्याचा खर्च त्यांचा. एका डब्याची किंमत बारा हजार रुपये ठरली.

एक पावती की चाळीस नोंदी

आतापर्यंतचा हिशेब रुपयांचा झाला. माझ्या मते खरा मुद्दा त्याच्या पलीकडचा आहे, आणि तो आपल्यासारख्या एकत्र किंवा नुकत्याच विभक्त झालेल्या घरांना अधिक लागू पडतो.

अख्खी गाडी विकली की व्यवहार एक, रक्कम एक, पावती एक. चार वारसांना चार समान हिस्से, चर्चा संपली. सुटी विकली की चाळीस व्यवहार होतात. त्यांतील निम्मे रोखीचे. आज दिवा गेला, परवा आरसा गेला, कोणी मित्राने पट्टी नेली, पैसे नंतर देतो म्हणाला. विकणारा कितीही प्रामाणिक असला तरी चाळीस नोंदींबरोबर चाळीस शंका जन्माला येतात. बाराशेचा आरसा आठशेला का दिला? घरी नेलेले मीटर परत आले का? पेढीवर लाखोंचा विश्वास ठेवणारे भाऊ घरात पाचशेच्या वस्तूवरून तुटतात, हे मी बँकेतील छत्तीस वर्षांत अनेक कुटुंबांत पाहिले आहे. वारसांची खाती बंद करताना मोठ्या ठेवींवर सह्या पटकन होत. अडायचे ते लॉकरमधल्या लहानसहान वस्तूंवर.

भाच्याच्या डब्याने त्या दिवशी हेच दाखवून दिले. त्याच्या मनात पाप नव्हते. तरीही तो डबा उघडला गेला तेव्हा क्षणभर सगळे गप्प झाले होते. अशा चाळीस डब्यांचा भार त्या घराला पेलला नसता.

धाकट्या मेहुण्यांनी शेवटी एक प्रश्न विचारला. “दाजी, तो माणूस हीच गाडी सुटी करून लाख मिळवील, त्याचे काय?” मी म्हटले, मिळवील आणि मिळवावेत. त्याच्याकडे गाडा आहे, हत्यारे आहेत, गिऱ्हाईक आहे आणि उरलेला माल वापरायला दुसरी गाडी आहे. आपण शेतकऱ्याची तूर घेतो तेव्हा डाळ करून अधिक मिळवतो. म्हणून शेतकऱ्याने घरी डाळमिल टाकावी असे आपण कधी म्हणत नाही. त्यावर ते हसले. चार महिन्यांत प्रथमच दोघे भाऊ एकाच गोष्टीवर हसले.

शेवट कसा झाला

पाच हजार बयाणा घेतला. गाडी रस्त्यावर येणार नव्हती, म्हणून वारसांचे प्रतिज्ञापत्र व मृत्यूचा दाखला देऊन आधी नोंदणी रद्द करून घेतली. त्याला सात आठवडे लागले. मग चौघांच्या सह्यांनी विक्रीची पावती केली. तीत नोंदणी रद्द झाल्याचा उल्लेख, चासी व इंजिन क्रमांक आणि ‘आहे त्या स्थितीत, सर्व भागांसह’ हे शब्द घातले. पैसे सासूबाईंच्या खात्यात आले आणि तेथून प्रत्येकी बारा हजार झाले. अक्षय तृतीयेला उसाच्या रसाला दोघे भाऊ त्यांच्या दोन बाजूंना बसले होते. भिंतीचे काम सुरू झाले आहे. दोघांच्या संमतीने तीत एक दार ठेवले आहे.

वाचकांसाठी

सुटी विकणे नेहमीच चूक, असे माझे म्हणणे नाही. अपघातात सांगाडा मोडलेला असेल, महत्त्वाचे भाग आधीच गेलेले असतील, कागदपत्रे मुळीच उभी राहत नसतील, किंवा घरात खरोखर जाणकार माणूस, मोकळी जागा आणि वर्षभराचा वेळ असेल, तर सुटी विकून अधिक पैसे मिळू शकतात. मात्र तसे करताना एकाच्याच हाती वही द्यावी, प्रत्येक भागाचे छायाचित्र आधी काढावे, पैसे एकाच खात्यात घ्यावेत, आणि मलईबरोबर ताकही घेणाराच गिऱ्हाईक शोधावा. मागे राहणारा सांगाडा शासनमान्य वाहन-मोडणी केंद्रालाच द्यावा आणि तेथील प्रमाणपत्र जपून ठेवावे. नवी गाडी घेताना त्यावर करसवलतीची तरतूद आहे. ती आपल्या राज्यात किती मिळते ते आधी विचारून घ्यावे.

सांगाडा शाबूत, भाग पूर्ण आणि कागद सरळ असतील तर गाडी अख्खी आणि हौशी माणसाला विकावी. सांगाडा गेलेला पण भाग पूर्ण असतील तर तीच गाडी अख्खी, पण ज्याच्याकडे तिची जोडीदारीण आहे त्याला द्यावी. घेणारा येईपर्यंत तिच्यातील एक स्क्रूही हलवू नये, टपावरची बारदाने तेवढी आज काढावीत.

आणि आपल्या वाड्यात अशी गाडी उभी असेल, तर येत्या रविवारी घरातल्या सर्वांनी तिच्याभोवती एकदा एकत्र उभे राहावे. लोहचुंबक, नोंदणीपुस्तक आणि कोरी वही एवढे सोबत असले तरी पुरे आहे.